सगळं बेस झालं पाहिजे

आमच्या महानंदाचा आवाज बारीक आहे पण फार गोड आहे, हे मी नवरा म्हणून सांगत नाही. नवरा म्हणून मला तो आवाज बहुतेक वेळा "अहो, टँकर आला!" एवढंच म्हणताना ऐकू येतो. पण ती उदगीरकडची. तिकडं मावशीजवळ राहून पेटी शिकलेली, स्वतः गाणी रचणारी. चुलीपुढं बसून ती गुणगुणायला लागली की भाकरी करपली तरी मी तक्रार करत नसे. तक्रार न करण्याची इतरही कारणं होती, पण हे मुख्य.

ते वर्ष दुष्काळाचं होतं आणि लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. दोन्ही एकदम आल्यामुळं गावात चमत्कारिक प्रकार चालला होता. घरात प्यायला पाणी नाही आणि बाहेर रोज उद्घाटन. नव्या कचेरीचं उद्घाटन, तिच्या नव्या फाटकाचं उद्घाटन, फाटकाबाहेर नव्यानं सुरू झालेल्या झेरॉक्सचं उद्घाटन. उद्घाटन म्हटलं की मंडप आला, मंडप म्हटला की लाऊडस्पीकर आला. जिल्हा नवा म्हणून लाऊडस्पीकरही नवे. पूर्वीचे कर्णे गेले आणि त्यांच्या जागी कपाटाएवढे लाकडी डबे आले. त्या डब्यांतून माणसाचा आवाज येत असे, असं त्यांच्या मालकाचं म्हणणं होतं.

मी पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क. त्या वर्षी पाट होते, बंधारे होते, खातंही व्यवस्थित चालू होतं. पाण्यावाचून खात्याचं काही अडलं नव्हतं, फक्त लोकांचं अडलं होतं. आमच्या कॉलनीची मात्र ठाम समजूत होती की पाणी माझ्या टेबलाच्या खणात आहे आणि मी त्याला कुलूप लावून ठेवलंय. शेजारीपाजारी मला 'शिवमूर्तीराव' म्हणत, पण नळ कोरडा गेला की 'इरिगेशनवाले' म्हणत.

तर बसव जयंतीला महानंदाला गाण्याचं बोलावणं आलं. तिनं स्वतःचं नवं गाणं बसवलं होतं. त्याचे शब्द असे होते:

उंबऱ्यात बसले देवा, दार तुझं लोटून
नाव तुझं घेते देवा, ओठ घट्ट मिटून
येशील तर ये रे देवा, पाय नको वाजवू
निजलेल्या लेकराला उगा नको जागवू

आता तुम्हीच सांगा, हे गाणं कसं म्हणायला हवं? हळू. अगदी हळू. महानंदा हळूच म्हणाली. पण डब्यांतून बाहेर आलं ते 'धुम्म, धुम्म, घूं, धुम्म.' देवानं पाय वाजवला असता तर परवडलं असतं. हा देव हत्तीवर बसून, हत्तीला नाचवत आला होता. पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या छातीत प्रत्येक ठेक्याला कुणीतरी आतून बुक्की मारत होतं. एक लेकरू खरंच निजलं होतं, ते दचकून उठलं आणि रडायला लागलं, आणि ते रडणंही कुणाला ऐकू आलं नाही. नुसतं त्याचं तोंड उघडं दिसत होतं.

गाणं संपलं. महानंदानं पेटीचा भाता लावला. तेवढ्यात औशाहून आलेले एक म्हातारे पाव्हणे स्टेजजवळ वाकून तिलाच विचारते झाले, "बाई, गाणं कवा सुरू व्हायचं म्हनं?"

आम्ही घरी निघालो. मी रिक्षात दोनदा "छान झालं" म्हणालो. दुसऱ्यांदा तिनं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की तिसऱ्यांदा म्हणण्याची मला हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिचं गुणगुणणं बंद झालं. भाकरी करपेना. घरात कशी सरकारी शांतता पसरली. चार दिवस मी ती सोसली आणि मग जेवताना जाहीर केलं, "आपण आपल्या कॉलनीत कार्यक्रम करायचा. तुझा एकटीचा. आणि एकेक शब्द लोकांना ऐकू आला पाहिजे."

"नको," महानंदा म्हणाली.

"माझा शब्द आहे."

"तुमचा शब्द ऐकू येतो हो. माझा येत न्हाई," ती म्हणाली आणि ताट उचलून गेली.

यानंतर मागं हटणं शक्य नव्हतं.

मध्यमवर्गीय माणूस काही करायला निघाला की आधी त्याला सल्ले मिळतात. आमच्या भिंतीला भिंत लागून अमृतराव राहत. एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. कॉलनीच्या हौदाची किल्ली त्यांच्या बनियनच्या आतल्या खिशात असे, आणि हौद उघडताना ते आधी आम्हा सगळ्यांकडं संशयानं बघत. ते म्हणाले, "माईकचं मला सांगू नका. हयात गेली अहमदपूरच्या स्टँडवर माईकसमोर. एक मानूस चुकीच्या गाडीत बसू दिला न्हाई. जाहिरातीचं माझ्याकडं लागलं." (पुढं अहमदपूरच्या एका गृहस्थांनी मला सांगितलं की अमृतरावांचं माईकवरचं बोलणं कुणालाच कधी कळत नसे, म्हणून सगळे निमूटपणे गाडीची पाटी वाचून चढत. पण हे पुढं.)

दुसरा सल्ला प्राध्यापक ज्ञानोबा सोनकांबळ्यांचा. ते हिमायतनगरचे, गावातल्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत. ते म्हणाले, "शिवमूर्तीराव, कशाला या भानगडीत पडून राहिले? चार सतरंज्या टाका, वहिनींना मधात बसवा, आन् ऐका. तीस-चाळीस माणसाला माईक कशाला लागतो?"

इतका सोपा सल्ला मिळाला की देणाऱ्याच्या शिक्षणाविषयी शंका येते. माईकशिवाय कार्यक्रम म्हणजे काय, बारसं? नव्या जिल्ह्याच्या ठिकाणी राहून माईक नाही म्हटल्यावर लोक काय म्हणतील? मी हसून विषय बदलला.

गावात डबेवाला एकच, गुरुबसप्पा. बसव जयंतीला ज्यानं महानंदाचा आवाज गिळला तोच. त्याच्याकडं जाणं अपमानाचं होतं, पण दुसरा कुणी नव्हता. दुकानात तो त्या डब्यांवरची धूळ उपरण्यानं पुसत बसला होता, एखादा माणूस बैलाच्या पाठीवरून हात फिरवतो तसा.

"या साहेब! बसा. ह्ये दोन हैद्राबादवरून आनले. बगा, आत मानूस झोपंल एवढाले हायती."

मला यंत्रातलं काही कळत नाही, आणि कळत नाही हे कळू द्यायचं नाही, ही माझी खात्यातली सवय. मी आवाजात अधिकार आणून म्हणालो, "गुरुबसप्पा, मागच्या खेपेसारखं होता कामा नये. माझ्या घरच्यांचा कार्यक्रम आहे. सगळं कसं बेस झालं पाहिजे."

त्याचा चेहरा एकदम उजळला. "बेस पायजे? साहेब, तुमी पयले मानूस मागून घेनारे! बाकीचे नुसतं कुरकुर करतेत."

"बेस म्हणजे एकदम बेस," मी म्हणालो. "आणि ट्रबल? ट्रबल मला अजिबात नको."

"ट्रबल झिरो करतो!" त्यानं छातीवर हात ठेवला. "बेस फुल, ट्रबल झिरो. तुमचं काम म्हून चार डबे लावतो."

इतक्या समजूतदार माणसाविषयी आपण उगाच मनात राग धरला, असं वाटून मला थोडी लाजच वाटली. जाताना मी त्याच्या पाठीवर थाप मारली.

मग परवानगी. लाऊडस्पीकरची परवानगी कुणी द्यायची हे जिल्हा नवा असल्यामुळं अजून ठरायचं होतं. एका कचेरीनं मला दुसरीकडं पाठवलं, दुसरीनं "जुनं सगळं अजून उस्मानाबादेत हाय" असं सांगून तिसरीकडं. तिसऱ्या ठिकाणचे बाबू भले होते. त्यांनी विचारलं, "कार्यक्रम कशाचा?"

"गाण्याचा."

"म्हंजे मनोरंजन." त्यांनी पेन खाली ठेवलं. "साहेब, लोक पान्यासाठी वणवण करायलेत, आन् मी मनोरंजनाला सही करू? वरून विचारना झाली तर?"

मी उठायला लागलो. माझा चेहरा पाहून त्यांना दया आली असावी. "थांबा. तुमी कोन्या खात्यात?"

"पाटबंधारे."

"मग असं करा ना! 'पाणीटंचाई निवारण कार्यक्रम' म्हना. तुमचं खातंच हाय पान्याचं. त्यात तुमी गाना, नाचा, कोन विचारतंय?"

त्या माणसाच्या बुद्धीला मी मनातून नमस्कार केला. सही झाली, शिक्का बसला. सायकलवरून परत येताना मला वाटलं, आपल्यासारखा माणूस उगाच हेडक्लार्क राहिला.

शनिवारी अमृतराव जाहिरातीला निघाले. रिक्षावर एक जुना कर्णा बांधला होता, आत अमृतराव, मांडीवर माईक. परवानगीत जे होतं तेच त्यांनी म्हणायचं, असं मी बजावलं होतं, कारण मी नियमाचा माणूस. ते म्हणत होते: "पाणीटंचाई निवारण कार्यक्रमानिमित्त सौ. महानंदाबाई यांचे सुश्राव्य गायन, उद्या सायंकाळी, कॉलनीच्या मैदानावर, सर्वांनी अवश्य यावे." आणि अमृतराव एसटीच्या शिस्तीत प्रत्येक वाक्य तीनदा म्हणत. हे मी रिक्षात त्यांच्या शेजारी बसून ऐकलं म्हणून सांगू शकतो. रस्त्यावरच्या माणसाला कर्ण्यातून जे ऐकू आलं ते असं होतं: "पाणी... खर्र... खर्र... उद्या सायंकाळी... खर्र... मैदानावर... सर्वांनी यावे. पाणी... खर्र..."

रिक्षा गंजगोलाईच्या बाजारात फिरली, औसा रोडला गेली, वस्त्यावस्त्यांतून हिंडली. लोक दारात येऊन ऐकत होते. बायका एकमेकींना हाका मारत होत्या. संगीताची एवढी भूक असलेलं गाव मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

रविवारी ऊन उतरायच्या आतच गुरुबसप्पा ट्रॅक्टर घेऊन हजर. मैदानाच्या चार कोपऱ्यांना चार डबे. मधे स्टेज, त्यावर आमच्या घरची चादर. "टेस्टिंग करतो," म्हणून त्यानं ढोलकीची कॅसेट लावली. ढोलकी आत वाजत असेल. बाहेर जमिनीतून ठोके येऊ लागले. धुम्म. धुम्म. धुम्म. समोरच्या घराच्या खिडकीची तावदानं थरथरली. आमच्या गच्चीवरची पाण्याची रिकामी टाकी आपोआप घुमायला लागली.

"जरा जास्त होतंय का?" मी विचारलं.

"साहेब, मोकळ्या मैदानात असंच वाटतंय. मानसं भरली की मऊ होतंय."

आता त्या वर्षी बोअर घ्यायचं यंत्र ज्यानं ऐकलं असेल त्याला त्या आवाजाचं वेगळं काही सांगायला नको. तसलं यंत्र कुठंही आलं की त्याचे धक्के लांब लांब ऐकू जात, आणि ऐकलं की माणूस जेवता ताटावरून उठून तिकडं चालायला लागे. मला हे तेव्हा सुचलं नाही. मी रेशमी झब्ब्याची बटणं लावत होतो.

लोक येऊ लागले. आधी कॉलनीच्या मागच्या वस्तीतल्या बायका, मग पोरंसोरं, मग सायकलींना डबे अडकवलेले बाप्ये, मग औसा रोडनं एक बैलगाडी, तिच्यात पत्र्याचं पिंप. पाचशे माणूस तरी झालं असेल. सगळ्यांच्या हातात नाहीतर डोक्यावर घागरी. मला आधी नवल वाटलं, मग माझा ऊर भरून आला. दुष्काळ म्हणून लांबचे रसिक स्वतःचं प्यायचं पाणी बरोबर घेऊन आले होते! यजमानावर भार नको म्हणून! ही समज पुण्यामुंबईकडं सापडणार नाही, असं मी मनात म्हणालो. घागरी रिकाम्या होत्या. पण ते कळायला स्टेजवरून खाली उतरावं लागलं असतं.

आतल्या खोलीत महानंदा कुंकू लावत होती. मी धावत जाऊन म्हणालो, "चल लवकर, मैदान भरलंय!"

तिनं खिडकीतून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर भीती होती आणि भीतीखाली आनंद होता. "खरंच माझ्यासाठी आलेत?" तिनं विचारलं.

"तर काय बोअरसाठी आलेत?" मी म्हणालो. हे वाक्य मी नंतर बरेच दिवस आठवत राहिलो.

ती स्टेजवर तबलजीशेजारी बसली तोच गर्दीतून वाट काढत नागप्पाशेठ आले. आडत बाजारात त्यांचं मोठं दुकान, आणि येत्या निवडणुकीत नगरपालिकेत जायचा बेत. मी त्यांना बोलावलं नव्हतं, पण त्यांच्या हातात पूजेचं ताट आणि नारळ होता, तेव्हा त्यांनी स्वतःच स्वतःला बोलावलं असणार. त्यांनी माईक घेतला. पाच मिनिटं ते बोलले. त्यातलं आम्हाला "घूं घूं घूं धुम्म" एवढं ऐकू आलं. त्यांनी बोट खाली जमिनीकडं दाखवलं, मग वर आभाळाकडं, मग स्वतःकडं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. मग ते स्टेजवरून उतरले, जिथून ठोके येत होते त्या डब्यापाशी गेले, त्याला हळदकुंकू वाहिलं आणि त्याच्या कोपऱ्यावर नारळ फोडला. हैद्राबादच्या डब्याला खोक पडली. गुरुबसप्पा ओरडला असावा. त्याचंही नुसतं तोंडच दिसलं.

महानंदानं गायला सुरुवात केली.

काय सांगू! बसव जयंती बरी, असं झालं. तबल्यावर बोट पडलं की चारी कोपऱ्यांतून धरणीकंप. त्यात ह्या वेळी नवीनच प्रकार. प्रत्येक धुम्मला मैदानातल्या सगळ्या रिकाम्या घागरी एकदम झिणझिणत. तांब्याच्या वेगळ्या, पितळेच्या वेगळ्या, पत्र्याचं पिंप तर खर्जात. धुम्म-झिणण, धुम्म-झिणण. बायका हातानं घागरी दाबून धरायला लागल्या. बैल बुजले. महानंदाचे ओठ हलत होते, डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ती थांबत नव्हती, कारण थांबली असती तरी ते कुणाला कळलं नसतं.

तेवढ्यात एक म्हातारी उठली. पारूबाई तिचं नाव, मागच्या वस्तीतली. कमरेवर घागर घेऊन ती सरळ स्टेजवर चढली, महानंदापुढं घागर आदळली आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी ओरडली. महानंदानं गाणं थांबवलं. तिनं पारूबाईकडं पाहिलं, मग त्या घागरीत वाकून पाहिलं, मग सगळ्या मैदानाकडं पाहिलं. माझ्या आधी तिला कळलं. तिनं गुरुबसप्पाला हातानं खूण केली, बंद कर.

गुरुबसप्पानं अंगठा वर केला आणि आवाज आणखी वाढवला.

शेवटी प्राध्यापक सोनकांबळे उठून मशीनपाशी गेले आणि त्यांनी खटका बंद केला. एकदम जी शांतता पडली तिच्यात माझे कान वाजत होते. सोनकांबळ्यांनी चष्मा वर करून मशीनची बटणं बघितली. "गुरुबसप्पा, हे काय करून ठेवलं? बेस, म्हणजे खर्ज, सगळा पुढं; ट्रेबल, म्हणजे बारीक सूर, सगळा मागं. शब्द येतीलच कसे?"

"साहेबांनीच सांगितलं!" गुरुबसप्पा म्हणाला. "बेस पायजे म्हनले, ट्रबल नको म्हनले. विचारा!"

पाचशे माणसं माझ्याकडं बघायला लागली. पण त्यांना ट्रेबलशी कर्तव्य नव्हतं. शांततेत पारूबाईचा आवाज खणखणीत आला:

"मशीन का बंद केली? पानी कितीवर लागलं?"

"कसलं पाणी?" मी विचारलं.

हे विचारायला नको होतं. मागून एकजण म्हणाला, "कसलं म्हंजे? काल गाडी फिरली की! उद्या पानी, सगळ्यांनी या म्हनून!" दुसरा म्हणाला, "बोअरचा आवाज आमच्या वस्तीपत्तूर आला!" तिसरा माझ्याकडं बोट करून म्हणाला, "ह्यो इरिगेशनचाच सायब हाय की! आमाला फशिवलं व्हय रं?" लोक उठले. घागरी खणखणल्या. मी नागप्पाशेठकडं पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, "मी तर गान्याच्या उद्घाटनाला आलो होतो," आणि ताट घेऊन चालू लागले.

मी खुलासा करायला उभा राहिलो. "बंधूंनो आणि भगिनींनो, गैरसमज असा झाला की..." कुणीतरी माझ्या झब्ब्याची कॉलर धरली. झब्बा रेशमी होता, लग्नातला. त्याची शिवण उसवल्याचा आवाज मात्र माईकशिवाय स्पष्ट ऐकू आला. सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढून मी जी काही प्रतिष्ठा जमवली होती ती त्या शिवणीतून भसाभस निघून गेली.

तेवढ्यात महानंदा स्टेजवरून उतरली. माईक नाही, काही नाही. सरळ अमृतरावांपुढं जाऊन तिनं हात पुढं केला. "काका, किल्ली."

अमृतराव दोन पावलं मागं सरले. "वहिनी, सकाळीच टँकर पडलाय. दोन दिवसांचं पानी हाय कॉलनीचं."

"लोकांना बोलावलं कुनी, काका?"

"मी गान्याला बोलावलं."

"त्यांना पान्याला ऐकू आलं. एवढ्या उन्हाचं चालत आलेत. रिकाम्या घागरी घेऊन परत लावायच्या का?"

अमृतरावांनी बनियनच्या खिशावर हात दाबून धरला. मग पारूबाई त्यांच्या समोर येऊन उभी राहिली, नुसतीच. अमृतरावांनी किल्ली काढून दिली. आपली मुलगी सासरी पाठवताना त्यांचा असा चेहरा झाला नव्हता; मी त्या लग्नाला होतो.

रांग लागली. हौदापासून मैदानाला वळसा घालून पार औसा रोडपर्यंत. घागरीला दोन बादल्या, ज्यादा नाही. महानंदा हौदाच्या कठड्यावर बसून बादली ओढून देत होती, पदर खोचून. मला तिनं रांगेच्या शेवटी पाठवलं. "तिथं धक्काबुक्की होती. बघा," म्हणाली. मी फाटक्या झब्ब्यात तिथं जाऊन उभा राहिलो.

बादली ओढण्यात वेळ जातो. पहिल्या पाचदहा घागरी भरल्या असतील, तेव्हा पारूबाई कठड्याला टेकून म्हणाली, "बाई, मघा तू काय बोलत होतीस? तोंड हलत होतं निस्तं."

"गाणं म्हणत होते, आजी."

"मग म्हन की. हात चालूच हाय."

आणि महानंदानं ते गाणं बादलीच्या ओढीवर म्हटलं. हळू, जसं म्हणायचं तसं. हे मला नंतर कळलं. कारण मी शेवटी, आणि तिचा आवाज बारीक. पुढच्या दहावीस बायकांना ऐकू येई. मागच्या विचारीत, "काय म्हनली गं?" पुढची मान वळवून ओळ सांगे. ती मागच्या बाईला, ती तिच्या मागच्या सायकलवाल्याला, तो गाडीवानाला. अशी एकेक ओळ घागरींवरून चालत रांगेच्या शेवटापर्यंत येत होती. कुणी ती नुसती सांगे, कुणी चालीवर म्हणून बघे. "उंबऱ्यात बसले देवा" असं आमच्या टोकाला आलं तेव्हा माझ्या पुढचा पिंपवाला म्हणाला, "बेस हाय." मी दचकलोच. मग कळलं की तो साध्या मराठीत बोलत होता.

"ओठ घट्ट मिटून" या ओळीचं मात्र वाटेत पुष्कळ झालं. माझ्यापर्यंत ती "पोट घट्ट मिटून" अशी पोचली. पिंपवाल्यानं मान डोलावली. "खरं हाय. दुष्काळच तसला हाय." मी ती दुरुस्त करावी म्हणून तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

दिवेलागणीला हौदाचा तळ खरवडल्याचा आवाज आला. पिंपवाल्याला अर्धी बादली मिळाली. त्यानं ती बैलांना पाजली.

सकाळी कॉलनीत कुणाकडंच पाणी नव्हतं. आंघोळी नाहीत, चहा नाही. माझ्याशी कुणी बोलेना. दूधवाल्यानं सांगितलं की औशाकडं अशी बातमी आहे की शिवमूर्तीरावाच्या मैदानात पाणी लागलं पण ते त्यांनी झाकून ठेवलंय, आणि दोन गाड्या तिकडून निघाल्यात. गुरुबसप्पा येऊन खोक पडलेला डबा घेऊन गेला, जाताना म्हणाला, "साहेब, पुढच्या टायमाला नीट मराठीत सांगत चला." मी स्वयंपाकघरात उसवलेला झब्बा मांडीवर घेऊन बसलो होतो. महानंदा थंड चुलीपुढं बसली होती. तिचे हात दोरीनं सोलवटले होते, पण चेहरा फार दिवसांनी मोकळा होता.

"कसं झालं गाणं?" तिनं विचारलं.

"मला तर 'पोट घट्ट मिटून' ऐकू आलं," मी म्हणालो. "बाकी काहीच नाही. मी शेवटी होतो ना."

ती इतकी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला. मग तिनं दार लोटलं, माझ्यासमोर मांडी घातली आणि गाणं पहिल्यापासून म्हटलं. माझ्या एकट्यासाठी. पेटी नाही, तबला नाही. एकेक शब्द ऐकू आला. "पाय नको वाजवू" ला तर मी श्वाससुद्धा धरून ठेवला.

ती शेवटच्या ओळीला आली आणि भिंतीपलीकडून अमृतरावांचा आवाज आला. कालपासून ते आमच्याशी एक शब्द बोलले नव्हते.

"वहिनी! जरा मोठ्यानं म्हना की. इकडं नीट ऐकू येईना!"